चेहरा म्हणजे कपडा नव्हे

आज एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक तुमची नाही, माझी आहे. आणि ती शिक्षकाने केलेली असल्यामुळे जरा मोठीच आहे.

काही वर्षांपूर्वी मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवीत होतो. पहिल्या बाकावरच्या एका मुलाच्या कपाळावर आणि नाकाच्या बाजूंना बारीक पुटकुळ्या आल्या होत्या. मी सहज, सर्वांदेखत म्हणालो, "अरे, तोंड जरा साबणाने स्वच्छ धुऊन येत जा." वर्ग हसला. मुलगाही हसला. पुढच्या पंधरवड्यात त्याचा चेहरा लालबुंद झाला, गालांची सालपटे निघू लागली आणि तो मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. चौकशी केली तेव्हा कळले, की तो दिवसातून पाच-सहा वेळा कपडे धुण्याच्या वडीने तोंड घाशीत होता. "सर, तुम्हीच म्हणाला होतात ना?" त्याने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजा.

वास्तविक या पुटकुळ्यांचा अस्वच्छतेशी फारसा संबंध नाही. आपल्या त्वचेत केसांच्या मुळांशी सूक्ष्म तैलग्रंथी असतात. कपाळ, नाक आणि हनुवटी येथे त्या दाटीने असतात. लहानपणी त्या जवळजवळ झोपलेल्या असतात. साधारणपणे सहाव्या ते आठव्या वर्षापासून अधिवृक्क ग्रंथींतून काही संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवू लागतात आणि तैलग्रंथी जाग्या होतात. त्याच वेळी छिद्राच्या आतील मृत पेशी नीट बाहेर न पडता एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी यांचे छिद्रात बूच बसते. छिद्राचे तोंड बंद असेल तर पांढरट ठिपका दिसतो, उघडे असेल तर काळा. हा काळा रंग मळाचा नव्हे. त्वचेतीलच मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे आणि हवेशी आलेल्या संपर्कामुळे तो येतो. मग घासून तो जाणार कसा? या बुचामागे साचलेल्या तेलात, एरवीही आपल्या त्वचेवर राहणारे जिवाणू वाढतात, दाह होतो आणि लाल फोड उठतो. तैलग्रंथी हुकूम पाळते तो संप्रेरकांचा; साबणाचा नव्हे.

आता एक प्रयोग करा. हळद पाण्यात कालवून टिपकागदाच्या पट्ट्यांना लावा आणि पट्ट्या वाळवा. एका पट्टीवर ओली साबणाची वडी फिरवा. पिवळी पट्टी लाल होईल. भाजीचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तो तुम्ही घरी पाहिलाच असेल. कारण साबण आम्लारिधर्मी आहे. बहुतेक साबणांचा सामू 9 ते 10 च्या आसपास असतो. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग मात्र किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण 4.5 ते 5.5. जर्मन शास्त्रज्ञ शाडे आणि मार्किओनिनी यांनी 1928 साली त्याला 'आम्लाचे कवच' असे नाव दिले. सामूची प्रत्येक पायरी दहा पटींची असते हे तुम्ही शिकला आहात. म्हणजे सामू 5 आणि सामू 10 यांमध्ये हायड्रोजन आयनांच्या संहतीत एक लाख पटींचा फरक! साबणाने धुतल्यावर त्वचेचा सामू चढतो आणि तो पूर्ववत व्हायला काही तास लागू शकतात. तेवढ्यात पुन्हा साबण, पुन्हा घासणे असे चालले तर त्वचेला सावरायला सवडच मिळत नाही. शिवाय बोअरचे पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियमशी साबणाचा साका होतो आणि त्याचा थर चेहऱ्यावरच राहतो.

कोणी म्हणेल, "मग आम्लधर्मी लिंबू लावावे!" दुसऱ्या पट्टीवर लिंबू पिळा. पट्टी पिवळीच राहील. पण म्हणून लिंबू सौम्य ठरत नाही. त्याचा सामू 2 च्या आसपास असतो, म्हणजे ते त्वचेपेक्षा शेकडो पटींनी अधिक आम्लधर्मी असते. आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डागही पडू शकतात. एकाच चाचणीवरून निष्कर्ष काढू नये, हा धडा येथेही लक्षात ठेवा. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांचीही गोष्ट निराळी नाही. दोन्ही आपापल्या कामासाठी चांगले आहेत; पुटकुळ्या घालवणे हे त्यांचे काम नव्हे.

याहून गंभीर गोष्ट औषधाच्या दुकानातली. "चेहरा उजळ करणारी क्रीम द्या" असे म्हणून आणलेल्या कित्येक नळ्यांत स्टेरॉइड असते. ती लावल्यावर दोन-चार दिवस चेहरा छान दिसतो, म्हणूनच तो फसवा. महिनोन्‌महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, लाली येते, शिरा दिसू लागतात, नव्या पुटकुळ्या उठतात. आणि क्रीम बंद केली की दाह दुप्पट होतो, म्हणून माणूस ती सोडू शकत नाही. 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पण कायदा दुकानात पोचतो, घरातल्या कपाटात नाही. मावशीला मानवलेली नळी तुम्ही लावू नका, आणि धाकट्या भावंडालाही लावू देऊ नका.

मग करावे तरी काय? माझे मत असे, की पहिल्या पुटकुळ्यांसाठी तीन गोष्टी पुरेत. पहिली: सकाळी आणि संध्याकाळी, आणि खूप घाम आल्यावर, साबणविरहित सौम्य क्लीन्झरने बोटांच्या टोकांनी चेहरा धुवावा आणि टॉवेलने टिपून घ्यावा, पुसू नये, घासू नये. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात काही जणांनी सहा आठवडे दिवसातून एकदा, काहींनी दोनदा, तर काहींनी चार वेळा चेहरा धुतला. दोनदा धुणाऱ्यांना फायदा दिसला. चार वेळा धुणाऱ्यांना त्याहून अधिक काही मिळाले नाही. दुसरी: त्वचा कोरडी पडत असेल तर छिद्रे न बुजवणारे, सुगंध नसलेले हलके मॉइश्चरायझर लावावे, आणि उन्हात खेळायचे असेल तर त्याच प्रकारचे सनस्क्रीन. तिसरी: हात आवरावा. पुटकुळी फोडली की दाह खोलवर जातो आणि मागे खड्डा राहतो. कपाळावरच पुटकुळ्या असतील तर डोक्याचे तेल कपाळावर ओघळत नाही ना आणि उशीचा अभ्रा तेलकट झाला नाही ना, हेही पाहा.

मोबाइलवरच्या चित्रफितींत तुमच्याच वयाची मुले दहा-दहा बाटल्या ओळीने लावताना दिसतात. त्यांतील कित्येक द्रव्ये प्रौढांच्या सुरकुत्यांसाठी बनवलेली असतात. बारा वर्षांच्या गालावर सुरकुत्या आहेत कोठे? अधिक द्रव्य म्हणजे अधिक गुण, हे गणितच चुकीचे आहे. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे पुटकुळ्यांवरचे जुने औषध घ्या. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत दाहयुक्त पुटकुळ्यांवर 2.5 टक्के औषधाचा गुण 10 टक्क्यांइतकाच आढळला. मात्र 10 टक्क्यांच्या औषधाने जळजळ अधिक झाली.

धीरही हवा. छिद्रातले बूच एका रात्रीत तयार होत नाही आणि एका रात्रीत विरतही नाही. कोणताही उपाय पारखायला सहा ते आठ आठवडे द्या. मात्र फोड मोठे आणि दुखरे असतील, खड्डे किंवा डाग राहत असतील, तर वाट पाहू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सहा वर्षांच्या किंवा त्याहून लहान मुलाला अशा पुटकुळ्या आल्या तर त्याला डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. आणि चेहऱ्यापायी मूल शाळेत यायला टाळू लागले, तर पुटकुळ्या दोनच असल्या तरी ते डॉक्टरकडे जाण्याचे कारण आहे.

शिक्षकबंधू-भगिनींनो, शेवटचे चार शब्द आपल्यासाठी. "तोंड धुऊन ये" या वाक्यात आपण मुलाला अस्वच्छ ठरवतो, आणि विज्ञान तसे म्हणत नाही. मी सर्वांदेखत केलेली चूक सर्वांदेखतच कबूल केली. त्या मुलाने आपली कपड्यांची वडी वर्गात आणली आणि आम्ही सर्वांनी मिळून हळदीच्या पट्टीवर ती फिरवली. पट्टी लालभडक झाली तेव्हा कोणीही हसले नाही. दोन महिन्यांनी तो पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसला. त्याच्या सगळ्या पुटकुळ्या गेल्या होत्या असे नाही. पण त्यांची लाज मात्र गेली होती.