गॅस संपला म्हणजे काय झाले?

चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले की शहरांतील मध्यमवर्गीय घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'गॅस संपला आहे.' वातानुकूलन यंत्र हवा थंड करीनासे होते, कारागिराला बोलावणे जाते, तो झाकण उघडून आत डोकावतो आणि हे निदान उच्चारतो. घरधनी मान डोलावतो, दोन-तीन हजार रुपये मोजतो, खोली थंड होते. पुढल्या वर्षी त्याच सुमारास तेच यंत्र, तेच वाक्य आणि थोडी वाढलेली रक्कम. या निदानाबद्दल कोणाला शंका येत नाही याचे एक कारण भाषेत आहे. स्वयंपाकघरातील गॅस दर महिना-दोन महिन्यांनी संपतो, हा प्रत्येक कुटुंबाचा अनुभव आहे. एकाच शब्दाने दोन अगदी भिन्न वस्तू ओळखल्या जाऊ लागल्या, की एकीचा धर्म दुसरीला चिकटतो.

वस्तुतः वातानुकूलन यंत्रातील शीतक वायू हे इंधन नव्हे. तो तेथे जळत नाही आणि खर्चीही पडत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तो केवळ फिरत राहतो. खोलीतील नागमोडी नळ्यांत द्रवाची वाफ होताना तो खोलीतील उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या भागातील कॉम्प्रेसर त्या वाफेवर दाब देऊन ती अधिक तप्त करतो. पंख्याच्या वाऱ्याने ती उष्णता बाहेरच्या हवेत गेली की वायू पुन्हा द्रवरूप होतो आणि एका अतिशय बारीक नळीतून किंवा झडपेतून दाब उतरून आत परततो. हे चक्र वर्षानुवर्षे त्याच एका भरणीवर चालावे, अशीच यंत्राची रचना असते. तेव्हा वायू कमी झाला असेल तर तो संपलेला नाही, गळालेला आहे. आणि गळती न शोधता नवा वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

पुष्कळदा तर वायू कमी झालेलाच नसतो. धूळ धरणारी जाळी महिनोन्महिने धुतली गेली नाही, की आतील नळ्यांवरून पुरेशी हवा वाहत नाही आणि त्यांवर बर्फ साचू लागतो. बर्फ दिसला की यंत्र उत्तम चालले आहे असे काहींना वाटते. कारागीर मात्र 'गॅस कमी' असा निर्वाळा देतो. वायू खरोखर कमी झाला तरीही बर्फच धरतो, हे खरे. म्हणूनच दोहोंतला भेद पाहण्याचे कष्ट घेणे आवश्यक असते आणि ते कष्टच टाळले जातात. यंत्र बंद करून बर्फ वितळू द्यावा, जाळी साध्या पाण्याने धुऊन वाळवावी आणि मग पुन्हा चालवून पाहावे, एवढी ही परीक्षा आहे. चाकूने बर्फ खरवडणारे महाभागही आढळतात. त्यांच्या हातून नळीला भोक पडते आणि तोवर खोटे असलेले निदान खरे ठरते.

बाहेरच्या भागाची अवस्था याहून शोचनीय असते. इमारतीचे दर्शनी रूप बिघडू नये म्हणून तो एखाद्या अरुंद चौकात किंवा सज्जाच्या जाळीमागे कोंडला जातो. पुढे कुंड्या, मागे कबुतरांची घरटी. त्याने बाहेर टाकलेली ऊन हवा तोच पुन्हा ओढून घेतो. कधी त्याचा पंखा सुरूच होत नाही, किंवा कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि बंद पडतो. अशा वेळी काही शे रुपयांचा कपॅसिटर निकामी झालेला असण्याचा संभव मोठा. घरात पाणी ठिबकू लागले तर बहुधा पाणी वाहून नेणारी नळी शेवाळाने तुंबलेली असते. यांपैकी कोणत्याही दुखण्यावर वायू भरणे हा उपाय नाही. आणि जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्राचा आकडा १६ वर नेऊन ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही. ते फक्त अधिक वेळ चालत राहते. २०२० पासून तारांकित यंत्रे प्रारंभी २४ अंशांवर सुरू होतील अशी सक्ती झाली आहे. घरातील पहिला हात लागताच तो आकडा खाली जातो, ही गोष्ट वेगळी.

खरी गळती होते ती बहुधा नळ्यांच्या जोडांतून, किंवा हादऱ्यांनी नळी कशावर तरी घासून. समुद्रकाठच्या खारट हवेत नळ्या लवकर झिजतात. उघड्या गटारांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबे खातो, त्यामुळे नाल्याकाठच्या घरांत नवी यंत्रेही अकाली गळू लागतात. अशा ठिकाणी यंत्राच्या दुखण्याचे मूळ यंत्रात नसून नगरपालिकेच्या हद्दीत असते.

ही फसगत घरधन्याच्या खिशापुरती असती तर तिच्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण गळालेला वायू कोठे जातो, हा प्रश्न उरतोच. ओझोनच्या थराला पडलेले भगदाड १९८५ मध्ये जगापुढे आले आणि १९८७ मध्ये माँट्रियल येथे करार झाला, हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या कराराच्या ओघात जुना आर-२२ वायू मागे पडत गेला आणि २०२४ अखेर आपल्या देशात नव्या यंत्रांच्या निर्मितीतून तो हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेले आर-४१० ए आणि आर-३२ हे वायू ओझोनला अपाय करीत नाहीत. मात्र पृथ्वी तापविण्यात तेही मागे नाहीत. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-४१० ए हा दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका, तर एक किलो आर-३२ हा सुमारे ६७५ किलोइतका घातक ठरतो. आपल्याकडे एक युनिट वीज निर्माण होताना सरासरीने सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एक किलो आर-३२ हवेत सोडणे हे साडेनऊशे युनिट वीज जाळण्यासारखे झाले. तीन ताऱ्यांचे दीड टनी यंत्र वर्षाकाठी सोळाशे तास चालले तर साधारण तेवढीच वीज खाते. पंखा लावून विजेची बचत करणाऱ्या सुजाण गृहस्थाची सारी काटकसर एका फुसकाऱ्यात हवेत विरू शकते, असा याचा अर्थ.

हा फुसकारा नोकरदार वर्गाच्या घरांत विशेषेकरून ऐकू येतो, कारण बदली. बदली झाली की बिऱ्हाडाबरोबर यंत्रही हलते. नळ्या सोडण्यापूर्वी सारा वायू बाहेरच्या भागात ओढून दोन झडपा बंद करता येतात. जाणत्या कारागिराला हे थोड्या मिनिटांचे काम आहे. घाईतला कारागीर जोड सैल करतो, वायू निघून जातो आणि नव्या गावी पुन्हा भरणीचे पैसे द्यावे लागतात. मात्र ही कृती घरच्या घरी करू पाहणे धोक्याचे आहे. आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील असतो, आणि चालू कॉम्प्रेसरमध्ये हवा शिरली तर स्फोट होऊ शकतो.

येथे कारागिराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. गळती शोधायची म्हणजे नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरायचा, जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहायचे, दुरुस्तीनंतर निर्वात पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची आणि मग ठरलेला वायू काट्यावर तोलून भरायचा. याला दोन-तीन तास लागतात आणि नायट्रोजनचे नळकांडे, पंप, काटा एवढे ओझे जिना चढवावे लागते. उन्हाळ्याच्या ऐन हंगामात दिवसाला आठ-दहा घरे करणाऱ्या, प्रत्येक फेरीमागे ठरावीक पैसे मिळणाऱ्या मुलाने हे करावे अशी अपेक्षा धरायची, आणि तासाभराहून अधिक वेळ लागला तर 'एवढा वेळ कशाला?' म्हणून त्यालाच दटावायचे, हा व्यवहार विसंगत आहे. हाच मुलगा सातव्या मजल्याच्या बाहेर, पट्ट्याशिवाय, वीतभर कठड्यावर उभा राहून आपले यंत्र दुरुस्त करीत असतो. त्याच्या पाठीमागे विमा आहे की नाही, हे खिडकीच्या आत उभ्या असलेल्या कोणी कधी विचारल्याचे ऐकिवात नाही.

वातानुकूलन हा काहींचाच विषय आहे असे म्हणणाऱ्यांनी विदर्भाकडे पाहावे. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात, अकोल्यात, चंद्रपुरात कूलर ही चैन नव्हे. शिक्षकाच्या घरी, कचेरीत, बँकेत तो असतोच. त्याचे तत्त्व वाळ्याच्या ताट्यांइतके जुने आहे : पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते, लिटरमागे जवळजवळ २,४०० किलोज्यूल. ही वाफ व्हावी तर हवा कोरडी हवी. म्हणूनच कूलर लावून दारे-खिडक्या बंद करणाराची खोली तासाभरात दमट होते आणि तो पंप बदलावा की ताट्या, या विवंचनेत पडतो. समोरची एक खिडकी उघडणे हाच तेथे इलाज. दहावीच्या वर्गात अप्रकट उष्मा शिकवला जातो, त्यावर गणिते सोडवली जातात. पण त्याच विद्यार्थ्याला घरच्या कूलरसमोर उभे करून 'खिडकी का उघडावी?' असे विचारले तर किती जण उत्तर देतील? यंत्रावरचा 'दीड टन' हे त्याचे वजन नव्हे, तर चोवीस तासांत दीड टन बर्फ वितळविण्याइतकी उष्णता ओढून घेण्याची ती क्षमता आहे, हेही पाठ्यपुस्तकातल्या त्याच धड्याच्या कुशीत बसण्याजोगे आहे.

कूलरच्या बाबतीत अज्ञानाची किंमत पैशांत मोजता येत नाही. दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून कोणी दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांत लहान मुले असतात, पाणी भरायला गेलेल्या गृहिणी असतात. पाण्यात बुडालेल्या पंपाच्या तारांवरचे आवरण फाटते, पत्र्याच्या पेटीत वीज उतरते आणि तिला जमिनीत जाण्यास अर्थिंगची वाट नसली की ती ओल्या हाताच्या, अनवाणी माणसातून वाट काढते. घरातील साधा फ्यूज अशा वेळी उडत नाही, कारण माणूस मरण्यास लागणारा प्रवाह फ्यूज उडविणाऱ्या प्रवाहाच्या मानाने अत्यल्प असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी हा वेगळा खटका लागतो. कूलरच्या किमतीपुढे तो काही महाग नाही. पण पेटीचा रंग पारखून घेणारे गिऱ्हाईक भिंतीतल्या तिसऱ्या छिद्रामागे तार आहे की नाही, हे पाहत नाही. टाकीतल्या डासांचीही तीच कथा. आठवड्यातून एकदा पाणी ओतून दिले म्हणजे झाले, असे समजले जाते. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. भिंती घासल्याखेरीज ती जात नाहीत.

सरकारला याची जाण नाही असे नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्राने शीतलनाचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख कारागिरांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. २०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. तीनुसार हे नवे वायूही २०२८ पासून गोठवायचे आणि २०४७ पर्यंत त्यांत ८५ टक्के घट करायची आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. परंतु दारी येणारा कारागीर त्यातून उत्तीर्ण झालेला आहे की कोणाच्या हाताखाली दोन उन्हाळे काढून स्वतंत्र झालेला, हे कळण्यास गिऱ्हाइकाला मार्ग नाही आणि विचारण्याची रीतही नाही. डॉक्टरच्या भिंतीवरची पदवी वाचणारा समाज कारागिराचे प्रमाणपत्र मागत नाही, कारण प्रमाणपत्र असलेल्यास चार पैसे अधिक द्यावे लागतील, हे त्याला आतून ठाऊक असते.

तेव्हा मागणी करायची तर ती छोटी आणि नेमकी असावी. वायू भरणाऱ्या प्रत्येकाने पावतीवर चार गोष्टी लिहिणे बंधनकारक करावे : गळती कोठे सापडली, दाबाची चाचणी झाली की नाही, कोणता वायू भरला आणि किती ग्रॅम. गळती सापडल्याची नोंद नसेल तर भरणीचे पैसे देण्याचे बंधन गिऱ्हाइकावर नसावे. आणि गळती शोधण्याचा मोबदला वेगळा, कामाच्या वेळेला साजेसा, कारागिराच्या हाती पडावा. यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. आज मिळणाऱ्या पावतीवर 'गॅस चार्जिंग' हे दोन शब्द आणि एक रक्कम एवढेच असते. कित्येक घरांत तर पावतीही नसते.