गृहोद्यान : आमरीचें वर्ष

बाजारांत ज्यास ‘ऑर्किड’ म्हणतात त्या फुलझाडाचें मराठी नांव आमरी. हल्लीं वाढदिवसाच्या वा गृहप्रवेशाच्या भेटींतून तें घरोघर येतें, महिना-दोन महिने दिवाणखाना शोभवितें, आणि पुष्कळ घरीं वर्षाच्या आंत वाळून अथवा कुजून जातें. मग ‘आपल्या हवेंत हें झाड टिकत नाहीं’ असा निकाल देऊन कुंडी अडगळींत टाकली जाते.

आमच्या चिकलठाण्याच्या परिसरांत हा निकाल कोणासहि पटण्याजोगा आहे. महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. आमच्याकडे ७०० च्या आसपास. वैशाखांत पारा ४० अंशांवर चढतो आणि पौषांतल्या पहांटे १० अंशांच्या जवळ उतरतो. तथापि महाराष्ट्राच्या कोरड्या, पानगळीच्या रानांतच आंब्यासारख्या झाडांच्या खोडांवर रास्ना नांवाची आमरी वाढते. ती वांदा जातीची. तिच्या पिवळट पाकळ्यांवर तपकिरी रेषांची जाळी असते, मधली पाकळी निळसर जांभळी व वास गोड. उन्हाच्या झळा सोसून ती फुलते.

पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजून तोडतात, तें योग्य नव्हे. बांडगूळ झाडाच्या अंगांत मुळें खुपसून त्याचा रस शोषितें. आमरी खोडाचा केवळ आधार घेते. तिच्या मुळांवर टीपकागदासारखें वेष्टन असतें. पाणी मिळतांच तें हिरवें दिसतें, सुकलें कीं पुन्हां रुपेरी होतें. मूळ रुपेरी असेल तर पाणी द्यावें, हिरवें असेल तर हात आंवरावा, हा आमरीच्या संगोपनाचा पहिला नियम होय.

हात आंवरणें हेंच आपल्या भरल्या घरांत कठीण. सासूबाई तुळशीस पाणी घालून तांब्यांत उरलेलें आमरीस घालतात. दुपारीं कुंडी कोरडी दिसली म्हणून सूनबाई घालतात. आणि शाळेंतून आलेलीं मुलें हौसेनें घालतात. प्रत्येकाची माया खरी, परंतु मुळांस हवा मिळत नाहीं व तीं कुजतात. म्हणून आमची आग्रहाची सूचना अशी कीं, आमरीचें पाणी घरांतील एकाच व्यक्तीकडे सोपवावें. हें काम दहा-बारा वर्षांचें मूल किंवा निवृत्त झालेले आजोबा उत्तम करूं शकतात. रोज मुळें निरखण्याची सवड व उत्सुकता त्यांनाच अधिक असते. मात्र एकदां सोपविल्यावर इतर मंडळींनीं, वडीलधाऱ्यांनींसुद्धां, मध्यें हात घालूं नये.

कुंडींत माती नको. लोणारी कोळसा, विटा व नारळाचें सोडण यांचे तुकडे भरावे. वांद्यास तेवढेंहि लागत नाहीं, लाकडी जाळींत टांगला तरी पुरे.

आतां ऋतूंचा विचार करूं. चैत्र ते ज्येष्ठ दुपारच्या उन्हापासून बचाव करावा. पूर्वेचा सज्जा व हिरव्या जाळीची सावली उत्तम. टांगलेल्या वांद्यास रोज सकाळीं भरपूर पाणी द्यावें. कुंड्यांजवळ ताटांत ओल्या विटा ठेवल्यास हवेंत ओलावा राहतो. कुंडी मात्र पाण्यांत उभी करूं नये.

आषाढ ते भाद्रपद हा वाढीचा काळ. आमच्या काळ्या कातळांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें व त्यांतील क्षारांचा थर मुळांवर बसतो. पावसाचें पाणी आमरीस अमृत; तें पिंपांत सांठवावें, परंतु पिंप घट्ट झांकावें, नाहीं तर डांसांची पैदास होते. संततधार लागल्यास झाडें छपराखालीं घ्यावीं, कारण पानांच्या बेचक्यांत पाणी सांचलें कीं शेंडा कुजतो. खत सांगितलेल्या प्रमाणाच्या चौथाईनें, आठवड्यांतून एकदां द्यावें.

आश्विन-कार्तिकांत रात्री गार होऊं लागतात. रुंद पाकळ्यांच्या फॅलेनॉप्सिस जातीस असा गारवा कांहीं आठवडे मिळाला कीं तिला फुलांचा दांडा येतो. म्हणून थंडीच्या धास्तीनें तिला लगेच कोंडूं नये. मार्गशीर्षापासून पारा १५ अंशांखालीं उतरूं लागला, कीं मात्र ती व डेंड्रोबियम रात्रीं घरांत घ्यावी. पाणी कमी करावें, तेंहि सकाळींच. फाल्गुनांत नवीं मुळें दिसूं लागलीं कीं कुंडी बदलावी.

आमरीचें बीं धुळीसारखें असून त्यांत अन्नाचा सांठा नसतो. रानांत तें बुरशीच्या साह्यानें रुजतें, हें फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनीं १८९९ सालीं ओळखलें. १९२२ सालीं अमेरिकेंत लुइस नुडसन यांनीं बुरशीवांचून, साखर घातलेल्या खाद्यावर बीं रुजवून दाखविलें. आणि १९६० सालीं जॉर्ज मोरेल यांनीं एका कोंबापासून अनेक रोपें करण्याची वाट उघडली. त्यामुळेंच आज रोपवाटिकेंतील आमरी मध्यम स्थितीच्या कुटुंबास परवडते. रानांतली उपटून आणण्याचें कांहींच प्रयोजन उरलें नाहीं. गौताळ्यासारख्या अभयारण्यांतून आणणें तर गुन्हाच होय.

रोप घेतांना फुलांस भुलूं नये. फुलें महिन्या-दोन महिन्यांचीं. टणक, हिरव्या टोकांचीं मुळें पाहून घेतलेलें रोप पुढें वर्षानुवर्षें फुलत राहतें.