कापसाची गांठ आणि जगाची पेठ

कित्येक सुशिक्षितांचा असा समज दिसतो कीं, एखादा कारखाना परदेशच्या व्यापाराशी जोडला गेला म्हणजे त्याची उत्पादनशक्ति आपोआप वाढते. ह्या समजाची पारख करण्यास शहाद्यालगतच्या लोणखेड्याच्या शिवारांतला कापूस पुरेसा आहे.

खानदेशच्या कापसास जगाची पेठ नवी नाही. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना. तेव्हां आपल्याकडील भाव गगनास भिडले. पेठ मोठी झाली, पण माल सुधारला काय? उलट भेसळीचा बोभाटा इतका झाला कीं, १८६३ सालीं मुंबई सरकारास तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला!

आज सरकीसह कापूस जिनांत जातो. त्यांतून सुमारें तृतीयांश रुई निघते, तिच्या १७० किलोच्या गांठी होतात. पुढें सूत, कापड, शिवलेले कपडे व अखेर परदेशचें दुकान. आतां वेचणीच्या वेळीं गोणीचा प्लॅस्टिकचा एखादा धागा किंवा केंस कापसांत मिसळला, तर तो सुतांत उतरतो व रंग घेत नाहीं. मग सूतगिरणीस कचरा वेचण्यास माणसें ठेवावीं लागतात. धागा तुटून चातीचें काम खोळंबतें. दोष साखळीच्या आरंभीं, आणि उत्पादन घटतें तें मात्र पुढच्या कारखान्याचें.

२००० सालीं केंद्र सरकारनें कापूस तंत्रज्ञान अभियान काढून जिन-प्रेस सुधारण्यास साहाय्य दिलें, हें योग्यच झालें. परंतु स्वच्छ व मळका कापूस एकाच भावानें तोलला गेला, तर निवडण्याचे श्रम कोण करील? व्याकरणांत पुढील वर्णानुसार मागील विसर्गाचें रूप पालटतें. तद्वत् शेवटच्या गिऱ्हाइकाची अपेक्षा, आणि तिचा मोबदलाही, मागें वेचणाऱ्या बाईपर्यंत पोहोंचेल तरच तिचें काम पालटेल. साखळींत नुसतें स्थान मिळून भागत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं शेती आहे. कित्येकांचे मुलगे गिरण्यांत अधिकारी आहेत. शेतीवाल्यांनीं वेचणीस सुती कापडाच्या झोळ्या द्याव्या, व गिरणीवाल्यांनीं स्वच्छ मालास चार पैसे अधिक मोजावे. देवाच्या वाती वळतांना गृहिणी कापसांतील काडी न काडी वेचून काढते. ती दृष्टि व्यवहारांतही यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.