इसार देण्याआधी मे महिना बघा

लातुरात चालतं हॉटेल विकत घ्यायचा विचार तुमच्या घरात सुरू असेल, तर इसाराचे पैसे हातातून सुटण्याआधी हे वाचा. निवृत्तीची रक्कम आलेली असते, पुण्यातली नोकरी सोडून पोरगा परत आलेला असतो, किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला बँकेत पडून असतो. अशात कुणीतरी सांगतं की ट्यूशन एरियाजवळ एक हॉटेल निघालंय, सगळं सामान जागच्या जागी आहे, उद्यापासून गल्ल्यावर बसायचं. माणूस हुरळतो, आणि त्यात गैर काही नाही. शून्यापासून हॉटेल उभं करण्यापेक्षा चालतं घेणं खरोखर सोयीचं असू शकतं. पण अशा व्यवहारात घरं बसलेली मी पाहिली आहेत. जेवण वाईट होतं म्हणून ती बसली नाहीत. घेताना जे विचारायचं ते विचारलं नाही, म्हणून बसली.

सगळ्यात आधी गावाचं वर्ष समजून घ्या. लातूर शिकायला आलेल्या मुलांवर चालतं. अकरावी-बारावीची आणि ‘नीट’ची तयारी करणारी मुलं नांदेड, बीड, धाराशिव, परभणीकडून येतात, खोल्या घेतात, मेस लावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा आणि मेच्या पहिल्या रविवारी सहसा नीट. त्यानंतर आठवडाभरात पोरं गाद्या गुंडाळून गावाकडे जातात. नव्या मुलांनी खोल्या भरायला जून-जुलै उजाडतो. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे ही भरती आणखी लांबू शकते. दिवाळीत पुन्हा दोन आठवडे शुकशुकाट. भाडं मात्र बाराही महिने द्यावं लागतं, आणि आचाऱ्याला मेमध्ये घरी पाठवलं तर तो जूनमध्ये परत येईलच असं नाही.

हे आकड्यांत मांडून बघा. समजा, विकणारा सांगतो की रोजचा धंदा बारा हजार. म्हणजे महिन्याला ३ लाख ६० हजार आणि वर्षाला ४३ लाख २० हजार. किराणा, भाजी, दूध, तेल आणि गॅस यांत निम्मे गेले, भाडं महिना ४० हजार, पगार ९० हजार, वीज-पाणी १५ हजार. वर्षाकाठी सव्वाचार लाखांच्या आसपास उरतात. हॉटेलची किंमत बारा लाख सांगितली तर तीन वर्षांत पैसे वसूल, असं वाटतं. आता त्याच हिशेबात तीन महिने रोजचा धंदा चार हजारांवर आणा. वर्षाचा धंदा ३६ लाखांवर येतो, भाडं आणि पगार तेवढेच राहतात, आणि हातात उरतात जेमतेम ६० हजार. त्याच बारा लाखांना आता वीस वर्षं लागतील. विकणाऱ्याने रोजचा आकडा खोटा सांगितलेला नाही. त्याने फक्त भरलेल्या महिन्याचा आकडा सांगितला आणि तुम्ही त्याला बाराने गुणलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की भाव ठरवण्याआधी त्या हॉटेलचा मे महिना बघा. सौदा डिसेंबरात आला असेल आणि तेवढं थांबता येत नसेल, तर मागच्या दोन वर्षांच्या एप्रिल ते जूनची वीजबिलं, गॅसच्या पावत्या आणि जीएसटीची विवरणपत्रं मागा. गल्ल्याची वही कुणीही सुबक लिहून आणतं. गॅसच्या पावत्यांशी आणि दूधवाल्याच्या खात्याशी ती जुळते का, ते बघा. महिन्याला व्यावसायिक गॅसचे किती सिलिंडर लागतात हे भटारखान्यातल्या पोराला विचारा, तो सहज सांगून जाईल. तिथे १९ किलोच्या सिलिंडरांऐवजी घरगुती १४.२ किलोचे लाल सिलिंडर दिसले तर सावध व्हा. ते बेकायदेशीर आहे, आणि विकणाऱ्याने सांगितलेला नफा त्या स्वस्त गॅसवर उभा आहे, हेही त्यातून कळतं.

हॉटेल बघायला कधी जायचं, हेही तुम्हीच ठरवा. विकणारा बहुधा रविवारी संध्याकाळी या म्हणेल. रविवारी संध्याकाळी मेस बंद असतात, त्यामुळे सगळी पोरं बाहेर जेवतात आणि कुठलंही हॉटेल भरलेलंच दिसतं. तुम्ही मंगळवारी दुपारी दोन वाजता जा, बुधवारी रात्री साडेनऊला जा. कोपऱ्यातल्या टेबलावर चहा घेऊन बसा आणि आत येणाऱ्यांपेक्षा दारावरून पुढे जाणाऱ्यांकडे लक्ष द्या. ती पोरं कुठे जातात? समोरच्या गाड्यावर निलंगा राईसची प्लेट घेऊन उभी राहत असतील, तर तुमची स्पर्धा त्या गाड्याशी आहे आणि त्याला तुमच्याएवढं भाडं नाही.

आता जागेचा प्रश्न. माझ्या मते सगळा व्यवहार इथे तरतो किंवा बुडतो. शहरातली बरीच हॉटेलं भाड्याच्या जागेत आहेत. म्हणजे विकणारा तुम्हाला टेबल-खुर्च्या, भट्टी, फ्रीज आणि पाटीवरचं नाव विकतोय. जागा त्याची नाहीच. घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने जागा परस्पर दुसऱ्याच्या हवाली केली, तर घरमालक तुम्हाला बाहेर काढू शकतो, आणि तुमचे बारा लाख त्या भाडेकरूच्या खिशात गेलेले असतात. कधी तर विकणारा स्वतः भाडेकरूही नसतो. त्याने हॉटेल दुसऱ्याकडून चालवायला घेतलेलं असतं आणि त्याच्या कागदावर तीन वर्षांची मुदत असते, त्यातलीही दोन सरलेली.

म्हणून इसार देण्याआधी घरमालकाला समोरासमोर भेटा. ‘मालक आपले पाहुणेच आहेत, त्यांचं काही नाही,’ असं कुणी म्हणालं तर पाहुण्यांकडेच चहाला जाऊ म्हणा. मालकाला विचारा, करार कुणाच्या नावावर आहे, मुदत किती उरली, भाडं थकलंय का, माझ्या नावाने नवा करार किती वर्षांचा करून द्याल आणि दरवर्षी भाडं किती वाढवाल. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. नोटरीच्या शिक्क्यावर समाधान मानू नका. विकणाऱ्याचं डिपॉझिट तुम्ही त्याला रोख परत देणार असाल, तर ते आता तुमच्या नावावर जमा आहे असं मालकाच्या सहीचं पत्र घ्या. पैसे गुंतवले आहेत ते वसूल होतील एवढी वर्षं करारात मिळत नसतील, तर हॉटेल कितीही गर्दीचं असो, सोडून द्या.

जागा बघताना मागच्या बाजूला जाऊन बघा. भटारखाना पत्र्याच्या शेडमध्ये आहे का? पुढची टेबलं मंजूर नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेल्या जागेवर आहेत का? महापालिकेने उद्या ते काढायला लावलं तर चाळीस जणांची बसायची सोय वीसवर येईल. पाण्याचंही नीट विचारा. या शहराने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. दुष्काळाचं वर्ष पुन्हा येणारच, तेव्हा बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का आणि टँकर महिन्याला किती लागतात, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा.

कागदांमध्ये एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. जीएसटी कायद्याचं कलम ८५ सांगतं की धंदा विकला किंवा भाड्याने, चालवायला दिला, तर हस्तांतराच्या दिवसापर्यंतचा थकलेला कर, व्याज आणि दंड यांना देणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात. रक्कम हस्तांतरानंतर ठरली तरीही. म्हणजे आधीच्या मालकाने केलेल्या लपवाछपवीची नोटीस दोन वर्षांनी तुमच्या नावावर येऊ शकते. त्याचा जीएसटी क्रमांक तुम्हाला वापरता येत नाही. आधीचा मालक नोंदणीकृत असेल तर चालता धंदा घेतल्या दिवसापासून तुम्हालाही नोंदणी करावी लागते, उलाढाल कितीही असो. विजेचंही तसंच आहे. आधीच्या ग्राहकाची थकबाकी त्याच जागेतल्या नव्या मालकाकडून वसूल करण्याचे वीज मंडळांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली उचलून धरले आहेत. म्हणून महावितरणकडून थकबाकी नसल्याचं लेखी घ्या आणि आपल्या सीएला विकणाऱ्याच्या जीएसटी खात्यातली विवरणपत्रं महिन्यागणिक तपासायला लावा. त्याची जी काही फी होईल ती द्या. मेहुण्याच्या ओळखीचा माणूस फुकट बघून देतो, त्यावर राहू नका.

भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला चौदा आकडी क्रमांकाचा अन्न परवाना विकणाऱ्याच्या नावाचा असतो. तुम्हाला तो नव्याने, स्वतःच्या नावाने काढायचा आहे. पार्सलच्या ॲपवरचं खातं आणि त्याचे तारेही त्याच्याच नावावर असतात, तेव्हा ते तुमच्याकडे येतील का हे आधी विचारून घ्या. जोडीला परमिट रूम असेल तर उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. तो वेगळाच व्यवहार आहे.

मेस असेल तर आणखी एका ठिकाणी डोळे उघडे ठेवा. मुलं महिन्याचे, कधी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरतात. विकणाऱ्याने जुलैत ऐंशी पोरांकडून पैसे घेतले आणि ऑगस्टमध्ये हॉटेल तुमच्या हवाली केलं, तर गल्ल्यात काही नसताना ऐंशी ताटं रोज दोन वेळा तुम्हाला वाढायची आहेत. त्या पोरांना नाही म्हणता येणार नाही आणि म्हणूही नका. त्यांच्या आईबापांनी ते पैसे कापूस-सोयाबीन विकून पाठवलेले असतात. पण ताबा घेण्याच्या दिवशी मेसची सगळी कार्डं समोर मांडा, प्रत्येकाचे उरलेले दिवस मोजा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. किराणावाल्याची, दूधवाल्याची आणि भाजीवाल्याची उधारीही त्याच दिवशी त्या त्या माणसाला विचारून लिहून काढा.

आणि कामगारांचं. पोटमाळ्यावर झोपणारी पोरं, पोळ्या लाटायला येणाऱ्या मावश्या, भट्टीवरचा वस्ताद, यांचे पगार अनेकदा दोन-दोन महिने थकलेले असतात. विकणारा निघून जातो आणि ती माणसं तुमच्याकडे बघत राहतात. त्यांचा हिशेब आधीच्या मालकाकडून तुमच्यासमोर पुरा करून घ्या. ते न्यायाचं आहेच, शिवाय त्या हॉटेलची चव त्यांच्याच हातात आहे. वस्तादाशी वेगळं बोला, तो राहणार का ते विचारा. विकणाऱ्याने त्याला सोबत न्यायचं आधीच ठरवलेलं असू शकतं.

तो नेणार कुठे? पुढच्याच गल्लीत. नाव थोडं बदलून, तोच मेनू, तीच माणसं. हे थांबवायची सोय कायद्यात आहे. एरवी कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार भारतात चालत नाही, पण भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मध्ये याला एक अपवाद आहे: धंद्याचं नाव आणि लौकिक विकणाऱ्याने ठरावीक हद्दीत तसाच धंदा न करण्याचं मान्य केलं, तर ते वाजवी असेल तोवर टिकतं. तेव्हा करारात हद्द स्पष्ट लिहा. सिग्नल कॅम्प, औसा रोड, बार्शी रोड अशी नावं घालून लिहा आणि वर्षं लिहा. पाटीवरचं नाव तुम्हालाच वापरता येईल हेही लिहा. सामानाची यादी नग मोजून, भट्टी आणि डीप फ्रीज चालू करून बघून जोडा.

रक्कम एकदम देऊ नका. इसार लहान ठेवा आणि तो चेकने किंवा बँकेतून द्या. घरमालकाचा नवा करार नोंदला नाही तर इसार परत, असं कागदावर घ्या. मोठा हप्ता ताबा आणि सामान मिळाल्यावर. साधारण चौथा हिस्सा राखून ठेवा आणि तो अन्न परवाना तुमच्या नावावर आल्यावर, वीज-पाण्याची आणि जीएसटीची जुनी बाकी साफ असल्याचे कागद हातात आल्यावर द्या. घर चालवायला आणि पहिला उन्हाळा काढायला लागणारे पैसे या हिशेबात धरू नका, ते वेगळ्या खात्यात असू द्या. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे खोल्या एका आठवड्यात रिकाम्या झाल्या होत्या, तेव्हा असा साठा नसलेल्यांना भाड्यासाठी दागिने मोडावे लागले. विकणारा हप्त्यांना तयार नसेल, घरमालकाला भेटू देत नसेल, किंवा ‘दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय’ म्हणून घाई करत असेल, तर त्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या. लातुरात पुढच्या मेमध्ये आणखी हॉटेलं निघतील, आणि तेव्हा भावही खरा असेल.