चार अक्षरी शब्द आणि गप्प बसणारा ‘बी’



मागील अंकात आपण तीन अक्षरी इंग्रजी शब्द घेतले होते. या खेपेस चार अक्षरी घेऊ. अट एकच. शब्दाच्या शेवटी ‘एम’ आणि ‘बी’ ही अक्षरे लागोपाठ आली पाहिजेत. नेहमी लागणारे असे शब्द आठच आहेत. आठांतही ‘बी’ लिहायचा असतो, बोलायचा नसतो. वहीत उतरवून घ्या.

१) लॅम (एल-ए-एम-बी) : कोकरू.
२) लिम (एल-आय-एम-बी) : हात किंवा पाय; झाडाची मोठी फांदी.
३) नम (एन-यू-एम-बी) : बधिर, सुन्न. दात काढण्यापूर्वी इंजेक्शन दिल्यावर हिरडी होते तशी.
४) डम (डी-यू-एम-बी) : मुका. माणसाविषयी हा शब्द वापरू नये. तो आता अपमानकारक समजला जातो, कारण बोलचालीत त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असाही होतो.
५) बॉम (बी-ओ-एम-बी) : बॉम्ब. मराठी बोलताना ‘बॉम्ब’ म्हणणे बरोबरच आहे, इंग्रजी बोलताना मात्र ‘बॉम’.
६) कोम (सी-ओ-एम-बी) : कंगवा, कोंबड्याच्या डोक्यावरचा तुरासुद्धा.
७) टूम (टी-ओ-एम-बी) : थडगे, कबर.
८) वूम (डब्ल्यू-ओ-एम-बी) : गर्भाशय.

शेवटचे चार शब्द पुन्हा पाहा. चारही ठिकाणी ‘ओ-एम-बी’ आहे; पण उच्चार बॉम, कोम, टूम, वूम! येथे नियम शोधत बसू नका. चारही शब्द मोठ्याने दहा वेळा म्हणा. जिभेला सवय लागली की झाले.

आता पाच अक्षरी. थम म्हणजे अंगठा, क्लाइम म्हणजे चढणे, क्रम म्हणजे भाकरी-पावाचा चुरा, आणि प्लम म्हणजे ओळंब्यात, सरळ उभे. गवंडी दोरीला वजन बांधून भिंत पाहतो तो ओळंबा. लॅटिन भाषेत शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात. रसायनशास्त्रात शिशाची खूण पी-बी आहे ती त्यावरूनच. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करीत, म्हणून नळकाम करणारा तो ‘प्लमर’. आपण त्याला प्लंबर म्हणतो.

हा ‘बी’ बोलायचा नाही तर लिहिला कशाला, असा प्रश्न मुले विचारतात, आणि तो योग्य आहे. कोकरू, कंगवा, गर्भाशय, चढणे या शब्दांत जुन्या इंग्रजीत ‘बी’ खरोखर उच्चारला जात असे. पुढे बोलण्यातून तो गळाला, लिहिण्यात राहिला. अंगठा, चुरा, अवयव या शब्दांत तर मुळात ‘बी’ नव्हताच. शेजारच्या शब्दांचे पाहून तो मागाहून येऊन बसला.

याहून गमतीचा शब्द आमच्या कॉमर्सवाल्यांचा आहे. डी-ई-बी-टी, म्हणजे कर्ज. उच्चार ‘डेट’, आखूड. तारीख या अर्थाचा ‘डेट’ थोडा लांबवावा लागतो. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. १५व्या-१६व्या शतकांत पंडितांनी मूळ लॅटिन ‘डेबितुम’ दाखवण्यासाठी तो मध्ये घातला. लोकांनी तो कधी उच्चारलाच नाही. शंका या अर्थाच्या पाच अक्षरी ‘डाउट’मध्येही ‘बी’ असाच घुसवलेला आहे. पासबुकातल्या ‘डेबिट’चे मूळही तेच लॅटिन. म्हणून स्पेलिंग विसरलात तर डेबिट आठवा, ‘बी’ सापडेल. ताळेबंदात ‘सन्ड्री डेटर्स’ असतात, म्हणजे आपले देणे लागणारे ऋणको. आमच्या कॉलेजात निम्मा वर्ग त्यांना ‘डेब्टर्स’ म्हणत असे.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत अकरावीची एक मुलगी येते. कॉलेजात तिने हा शब्द ‘डेब्ट’ असा वाचला. वर्ग हसला, शिक्षकही हसले. त्यानंतर महिनाभर ती उभी राहून वाचायला तयार नव्हती. तिचे चुकले काय? मराठीत आपण लिहिलेले अक्षर बोलतो. तिनेही समोर दिसले तेच प्रामाणिकपणे वाचले. अडचण त्या जुन्या पंडितांनी करून ठेवली आणि हसू मात्र हिच्या वाट्याला आले. ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्याला हा उच्चार कानावरून फुकट मिळतो. ज्याच्या घरात तो पहिलाच शिकणारा आहे, त्याला तो विचारून घ्यावा लागतो. यात अक्कल कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही. आई-वडिलांना इंग्रजी येत नसेल तरी चालेल. रोज दहा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि चुकला तर हसू नका.

आणखी एक. ‘डेट’ आणि ‘थम’ हे दोन शब्द शेजारी लिहून पाहा. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता न आल्यामुळे आपल्या किती आजोबा-पणजोबांचे अंगठे कर्जाच्या कागदांवर उठले! आज कर्जाचे फॉर्म बहुधा इंग्रजीत असतात. सही करता येते म्हणून वाचल्याशिवाय सही करू नका. अडलेला शब्द विचारण्यात कमीपणा नाही.

पुढील अंकासाठी गृहपाठ : पाच अक्षरी चार शब्द शोधा. प्रत्येकाच्या सुरुवातीला ‘के-एन’ हवे. त्यातला ‘के’ गप्प असतो. अर्थ असे : (१) सुरी, (२) दार ठोठावणे, (३) कणीक मळणे, (४) गुडघे टेकणे. घरातल्या सर्वांनी मिळून शोधा. उत्तरे पुढील अंकात.