कौलांवर फवारा नको

कौलांवरचे शेवाळ पावसाळ्यातच, जोरदार फवाऱ्याने आणि ब्लीचिंग पावडरने काढावे, हा आपल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलैत ओल्या छपरावर कुणालाही चढवू नये. शेवाळ काढायचे ते एप्रिल-मेमध्ये. उन्हाने वाळलेले शेवाळ लाकडी पट्टीने आणि खराट्याने सुटते. आढ्याकडून खाली झाडावे.

बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात ज्यांचा कारखाना काढला, ती मंगलोरी कौले खाचेत खाच अडकवून बसतात. वरून वाहणारे पाणी ती अडवतात, खालून वर मारलेला फवारा नाही. त्या फवाऱ्याने वासे-रिपा भिजतात, कौलाचा पृष्ठभागही खरवडला जातो आणि खरबरीत कौलावर शेवाळ अधिकच धरते. ब्लीचिंगचे पाणी तर पागोळ्यांतून थेट परसात उतरते. जवळ विहीर असेल तर काय?

चढणाऱ्याने कौलावर पाय देऊ नये. आढ्याला पक्की बांधलेली शिडी छपरावर टाकून तिच्यावरूनच काम करावे, कमरेला दोर हवा, खाली माणूस हवा.

जुने सिमेंटचे पत्रे मात्र मुळीच घासू नयेत. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि कर्करोगही होऊ शकतो. शिवाय असा पत्रा पायाखाली अचानक फुटतो.

छपरावर झुकलेल्या फणसाच्या फांद्या छाटल्या, ऊन पोहोचले, की शेवाळ पुढच्या वर्षी कमी धरते.

– एक वाचक, रत्नागिरी