‘बोगस बहिणी’ कुणी बनवल्या?

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. पण शेवटपर्यंत वाचा, मग हवं तर भांडा.

जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केलं की लाडकी बहीण योजनेतले सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही पैसे घेत असल्याचं दिसतंय. कारणंही सांगितली होती. कुणी दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेतंय, कुठे एका कुटुंबातून दोनपेक्षा जास्त अर्ज आलेत, काही ठिकाणी पुरुषांनीच अर्ज भरलेत. या सगळ्यांचे पैसे तात्पुरते थांबवले आहेत, जिल्हाधिकारी छाननी करतील आणि पात्र निघतील त्यांचे परत सुरू होतील, असंही त्यातच होतं.

आपल्या फोनवर काय पोचलं? ‘२६ लाख बोगस बहिणी!’ ‘तात्पुरते’ गळालं, ‘छाननी’ गळाली. एका घरातली तिसरी बाई, जिनं कदाचित नियम धड वाचलाही नसेल, ती आणि बायकांच्या योजनेतून पैसे उचलणारा बाप्या, दोघांना एकच शब्द: बोगस.

बरं, पुरुष किती होते? बातम्यांमध्ये आकडा आला १४,२९८ चा. त्यांच्याकडून वसुली झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण योजनेत बायका होत्या अडीच कोटींच्या आसपास. म्हणजे दहा हजारांमागे सहासुद्धा पुरुष भरत नाहीत. आठवडाभर चॅनेलवर चेहरा मात्र त्यांचाच होता. उरलेल्या बायका कुठे दिसल्या? बँकेबाहेरच्या गर्दीत, न विचारता काढलेल्या व्हिडिओत.

आता मला एक सांगा. हे अर्ज मंजूर केले कुणी? बाईनं स्वतःच्या हातानं सही-शिक्का मारून तर घेतला नाही ना? योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आली आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. त्या चार-पाच महिन्यांत कोट्यवधी अर्ज पास झाले. तेव्हा तपासणी का झाली नाही, हा प्रश्न मंत्रालयाच्या दारात विचारायचा असतो. आपले कॅमेरे तो धुणीभांडी करणाऱ्या मावशीच्या दारात जाऊन विचारतात, “पैशाचं काय केलं?”

दुसरी आवडती बातमी म्हणजे ‘फुकटच्या पैशामुळे मजूर मिळेना’. गावात पारावरही हेच चालतं. म्हणून साधा हिशोब करू. महिन्याचे १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये रोज. म्हणजे ही सगळी रक्कम पाच दिवसांच्या मजुरीइतकीसुद्धा नाही. पाच दिवसांच्या पैशासाठी महिनाभराची मजुरी कोण सोडेल हो? एखादी बाई अंगात ताप असताना खुरपायला गेली नसेल, तर तेवढी मोकळीक तिला मिळाली एवढंच. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण ‘मजूर मिळेना’ या बातमीत एकाही मजूर बाईला विचारलेलं का नसतं? तुम्ही येत का नाही, रोज किती मिळतो, शेत किती लांब आहे, येण्याजाण्याचं काय, एवढं तरी विचारा की!

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्याबद्दल सुनावणी होती. तिथे न्यायमूर्तींनी फुकट योजनांमुळे लोक काम करायला तयार नाहीत, अशा अर्थाची टिप्पणी केली आणि लाडकी बहीणचाही उल्लेख आला. हातात काम असेल तर ते नको म्हणणारा माणूस विरळाच, असं याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी तिथंच सांगितलं. पण गाजली ती टिप्पणी. ज्यांच्यासाठी खटला चालला होता ती फुटपाथवर झोपणारी माणसं त्या चर्चेत सापडतात का बघा.

शब्दांचीही गंमत बघा. २० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. सरकारचाच अंदाज होता की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सुटेल. बातमीत त्याला म्हणाले ‘दिलासा’, ‘चालना’. गरिबाच्या खात्यात गेले की ‘रेवडी’ आणि ‘तिजोरीवर भार’. तिजोरी एकच आहे ना? मग शब्द दोन का?

आणि गरिबाला शिवीच मिळते असंही नाही. निवडणुकीच्या आधी हीच बाई ओवाळताना, डोळे पुसताना दाखवतात. आधी उपकारानं वाकलेली, नंतर चोर. हक्काचे पैसे घेणारी, चार प्रश्न विचारणारी नागरिक म्हणून ती कधी दिसतच नाही.

याचा परिणाम काय होतो? ई-केवायसी आली तेव्हा बाईबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं गेलं. जिचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत, तिनं ओटीपी कुणाच्या फोनवर मागवायचा? आरडाओरडा झाल्यावर मुदत वाढली. पण ‘बोगस’ हा शब्द आधीच इतका रुजला होता की रांगेतल्या बायकांकडेही लोक संशयानंच बघत होते. त्या नजरेपायी एखादी खरी गरजू बाई अर्ज करायलाच लाजली, तर तो आकडा कुठल्याही बातमीत येणार नाही.

योजनेवर टीका जरूर करा. मतांसाठी आणली म्हणा, पैसा कुठून वळवला ते विचारा, दवाखाने आणि शाळांवर खर्च का नाही ते विचारा. मीही विचारतो. पण हे सगळे प्रश्न योजना चालवणाऱ्याला आहेत, ती घेणारीला नाहीत.

पुढच्या वेळी अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा: जिच्याबद्दल बातमी आहे, तिचं एक तरी वाक्य त्यात आहे का? नसेल तर बोट तिथेच थांबवा.

तुमच्या गावात कुणाचे पैसे चुकून बंद झाले असतील तर नाव न टाकता कमेंटमध्ये नुसती अडचण लिहा. मुद्दा पटला नसेल तर तेही लिहा. फक्त आकडे घेऊन या, शिव्या नकोत.